खाऱ्या वाऱ्यातला हिवाळा : मणीकामाच्या नोंदी

१६ नोव्हेंबर, हर्णै

यंदाच्या हिवाळ्याचं काम ठरलं. पुतण्याचं लग्न मे महिन्यात झालं, म्हणजे नव्या सुनेची ही पहिली संक्रांत. तिच्या काळ्या साडीवरचं गळ्यातलं-कानातलं मी मण्यांचं करणार. पुण्याच्या भाचीला कुठल्याशा फोटोत बघून बर्फाच्या चांदणीची कानातली हवी आहेत. आणि मला स्वतःला हौस आहे ती आपल्याकडचा हिवाळा मण्यांत उतरवायची.

आपल्याकडचा म्हणजे किनाऱ्यावरचा. दापोली इथून तासाभराच्या आत, पण तिथे कधीकधी पारा दहाच्या खाली जातो, लोक शेकोट्या पेटवतात आणि आम्ही खाली पंखा एकवर ठेवून झोपतो. बर्फ नाही, पानगळ नाही. तरी हिवाळा आलेला कळतोच. पहाटे पत्र्यावरून दहिवर टपटपतं, कलमांना मोहोर फुटतो, पुळणीवर कुरव पक्षी उतरतात आणि वाण्याकडे तिळाचा भाव वाढतो. एवढ्या ऐवजात तीन-चार दागिने सहज बसतील.

मणी काढून नंबरवार लावले. नंबर जितका मोठा तितका मणी बारीक: ८ नंबर साधारण ३ मिलिमीटर, ११ नंबर २ आणि १५ नंबर दीड. जपानी मण्यांतले मियुकी आणि तोहो, दोन्ही हिरोशिमा भागातले. त्यांचं माप इतकं सारखं असतं की आकृती वाकडी होत नाही. देशी मणी स्वस्त पडतात, पण निवडायला बसावं लागतं. तांदूळ निवडतो तसे ताटात पसरून जाडे-बारके वेगळे करायचे. लोंबत्या कामाला देशी, घट्ट विणीला जपानी, अशी वाटणी करून टाकली.

२० नोव्हेंबर

गणपतीच्या सुमारास एका पुठ्ठ्यावर हाताशी असलेल्या प्रत्येक जातीचे चार-चार मणी शिवून पुठ्ठा समुद्राकडच्या पडवीत टांगला होता. आज काढला. ही परीक्षा प्रत्येक किनाऱ्यावरच्या बाईने घ्यावी, कारण दुकानात सगळेच मणी चकाकतात.

रुपेरी अस्तराचे मणी सगळ्यांत वाईट निघाले. ह्यात चांदीसारखा मुलामा भोकाच्या आत असतो. बाहेरून काच शाबूत दिसते, पण खारी ओल भोकातूनच शिरते आणि अस्तर कडेपासून काळवंडत जातं. बाहेरून धातूचा पातळ थर दिलेले सोनेरी मणी दोऱ्याजवळ घासून उघडे पडलेत. रंगवलेला गुलाबी उन्हाने विटून मळकट झाला. टिकले ते काचेतच रंग असलेले अपारदर्शक मणी, पांढरे, काळे आणि शेवाळी. मॅट पांढऱ्याला तर काहीच झालेलं नाही. मोतिया झाक दिलेलेही अजून ठीक आहेत, पण त्यांच्यावर माझा पूर्ण भरवसा नाही.

कानातल्याच्या तारा: पितळ हिरवी, साधी लोखंडी तार गंजून तुटली, स्टेनलेस स्टील जसंच्या तसं. चांदी काळी पडली आहे, पण ती रांगोळीने घासली की येते. म्हणजे हिवाळ्याच्या दागिन्यांत जो चकचकाट लोक मागतात, त्यातला बराचसा इथे पहिल्याच पावसाळ्यात जाणार. माझा हिवाळा मॅट राहणार आहे.

२७ नोव्हेंबर

भाचीची चांदणी. ह्या कामात एक गंमत आहे ती हिशेबाची. एकाच मापाचे गोल मणी घेतले की मधल्या एका मण्याभोवती बरोबर सहा बसतात. पाच घातले तर फट राहते, सातव्याला जागाच नाही. केप्लर १६११ मध्ये हिमकणाला सहाच टोकं का, ह्याचा विचार करत होता आणि तोही गोळे एकमेकांशेजारी कसे रचले जातात ह्यापाशीच पोचला होता. खरं कारण पाण्याच्या रेणूंत आहे: ते गोठताना षटकोनी जाळी धरतात आणि हिमकण त्या जाळीवर सहा अंगांनी वाढतो. म्हणून बाजारात आठ पाकळ्यांच्या ‘स्नोफ्लेक’ विकायला असतात त्या बघितल्या की माझे हात शिवशिवतात. फूल म्हणून विका, चक्र म्हणून विका.

रचना लिहून ठेवते. मध्ये ४ मिलिमीटरचा काचमोती, भोवती तसलेच सहा, दोरा दोनदा फिरवून गाठ. पुढच्या फेरीत दर दोन मोत्यांच्या मध्ये ११ नंबरचे तीन मणी, म्हणजे सहा कोपरे उभे राहतात. कोपऱ्याच्या टोकाच्या मण्यातून सुई वर काढायची, तीन मणी ओवायचे, शेवटी १५ नंबरचे तीन घेऊन त्यांचं टोक करायचं आणि आलेल्याच वाटेने खाली उतरायचं. सहाही बाहू झाले की सगळ्या वाटेने दोरा पुन्हा एकदा फिरवायचा. चांदणी ताठ राहते ती ह्या दुसऱ्या फेरीमुळे. काहीजणी पारदर्शक नेलपॉलिश लावून ताठ करतात, पण ते पुढे पिवळं पडतं. पांढऱ्या चांदणीवर पिवळा डाग म्हणजे सगळ्या कामावर पाणी.

अमेरिकेत व्हरमाँटच्या विल्सन बेंटलीने १५ जानेवारी १८८५ ला सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांवर फोटो काढले. ते बघताना लक्षात येतं की सगळेच कण काही नक्षीदार चांदण्या नसतात. साध्या षटकोनी चकत्याही असतात, सुयाही असतात. एक जोड चकत्यांची करावी असं मनात आहे. भाचीला आवडणार नाही, तिला टोकं हवीत.

५ डिसेंबर

दोऱ्याचा प्रश्न. हर्णैत राहून मण्यांसाठी दोरा पार्सलने मागवायचा म्हणजे जरा लाजिरवाणंच, कारण बंदराच्या दुकानात हव्या त्या जाडीचा तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, मिळतो. परदेशात मणीकाम करणाऱ्या बायका ज्या फायरलाइनचं एवढं कौतुक करतात, तीही मुळात मासे धरायचीच दोरी आहे. फक्त ती विणलेली असते आणि आपला तंगूस एकसंध.

भाऊजी मासेमारीला जातात. त्यांच्यासमोर दोन्ही रिळं ठेवली. त्यांनी तंगूस दोन बोटांत ओढून बघितला.

“वहिनी, हा उन्हात नको हां ठेवू. काडी होतो. आणि गाठ मारण्याआधी ओला करून घे.”

“गळाला चालतो ना?”

“गळाचा तुटला तर मासा जातो. तुझा तुटला तर लोकांसमोर मणी गोळा करत बसशील.”

मुद्दा बरोबर आहे. तंगूस ताणला की थोडा वाढतो, गुंडाळी धरून बसतो आणि काचेच्या धारदार भोकावर त्याला चीर पडते. पण ताठपणामुळे सुईशिवाय ओवता येतो आणि मण्यांचे पोकळ गोळे करायला तो चांगला. म्हणून ठरवलं: हार आणि चिंचपेटीला विणलेली दोरी, गोळ्यांना तंगूस. तंगसाची गाठ ओली करून, हळू ओढून. कोरडी झटकन ओढली तर घासून गरम होते आणि तिथेच कमजोर पडते. हे कोळ्याच्या पोराला चालायला लागायच्या आधीपासून माहीत असतं.

१२ डिसेंबर

कुरव आले होते तेव्हापासून ब्रूच डोक्यात आहे. आज आंजर्ल्याच्या बाजूला पुळणीवर थवा बसला होता, त्यातला एक बराच वेळ जवळून बघायला मिळाला. तपकिरी डोक्याचा कुरव म्हणतात, पण थंडीत त्याचं डोकं तपकिरी नसतंच. पांढरं होतं आणि डोळ्यामागे तेवढा एक काळसर ठिपका उरतो, घाईत पुसायचा राहिल्यासारखा. चोच लाल, टोकाला काळी. पाय लाल. पाठ फिकी राखाडी, पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. ही पाखरं उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या पठारावरच्या तळ्यांकाठी अंडी घालतात. आमच्या किनाऱ्यावर बर्फाशी खरी ओळख असलेलं कुणी असेल तर हेच. म्हणून चांदणीपेक्षा कुरव हिवाळ्याला जास्त शोभतो, असं माझं मत.

ब्रूचला ब्रिक स्टिच, म्हणजे विटांच्या बांधकामासारखी ओळींची विण, वरचा मणी खालच्या दोहोंच्या सांध्यावर. मणी डेलिका, ११ नंबर. हे नळीच्या आकाराचे असतात, व्यास १.६ मिलिमीटर, म्हणून वीण सपाट आणि बिनफटीची बसते. चौकटीच्या कागदावर पाखरू काढलं. अडचण पांढऱ्याची. सगळं अंग एकाच पांढऱ्यात विणलं तर पाखरू न दिसता नुसता पांढरा तुकडा दिसतो. तीन पांढरे घेतले: पोटाला खडूसारखा मॅट, मानेला साधा अपारदर्शक, गळ्याच्या वळणावर मोतिया. हातभर अंतरावरून फरक सांगता येत नाही, पण मान वळलेली दिसते.

पंखाच्या टोकाला काळा डेलिका न घेता मंगळसूत्राची काळी पोत वापरली. ती किंचित वेडीवाकडी असते, आणि पिसांची कड डेलिकाने येते तशी ओळीत यायला नकोच होती.

डोळ्यामागचा ठिपका दोन मण्यांचा. एकाचा केला तर डोळाच वाटतो, तीन केले तर जखम.

१९ डिसेंबर

मोहोर. ह्या सगळ्या कामात मला सर्वांत आवडलेला भाग, त्यामुळे सविस्तर.

आमच्या परसातल्या हापूसचा एक तुरा खाली मोडून पडला होता, तो समोर ठेवून काम केलं. लांबून मोहोर पिवळट दिसतो. जवळ घेतला की दिसतं, मधला दांडा लालसर गुलाबी आहे, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या, आणि फुलं आहेत ती टाचणीच्या डोक्याएवढी, फिकी हिरवट-पांढरी, आत एखादी गुलाबी रेघ. एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं, त्यातली बहुतेक नर. कैरी धरते ती थोड्यांना, आणि धरलेल्यांतलीही बरीच गळते.

ह्याला फांद्यांची झालर. मधल्या दांड्याला १५ नंबरचे मातकट गुलाबी मणी ओवत खाली जायचं, टोकाचा मणी सोडून परत वर यायचं, पण सरळ वर न येता तीन-चार मण्यांनंतर सुई बाहेर काढून छोटी फांदी करायची, तिच्यावरही टोकाचा मणी सोडून मागे फिरायचं, मग पुन्हा दांड्यात शिरायचं. टोकाचे मणी हीच फुलं. दोरा फार ओढला की फांद्या ताठ उभ्या राहतात, सैल सोडला की दोरा दिसतो. नखाने टोकाचा मणी धरून दोरा हलकेच खाली खेचला की फांदी जागेवर बसते. प्रत्येक फांदीला हे करावं लागतं, त्याला दुसरा उपाय नाही.

रंग एकच घेतला असता तर द्राक्षाचा घड झाला असता. फिका हिरवा, मलईसारखा पिवळा आणि मॅट पांढरा, तिन्ही एका वाटीत कालवून सुई लागेल तो मणी घेतला. वरच्या फांद्या लांब, खाली आखूड. एका कानातल्याच्या टोकाजवळ गर्द हिरवा थेंबमणी टाकला, मोहरीएवढी कैरी म्हणून. दुसऱ्याला नाही. जोडी तंतोतंत सारखी असली पाहिजे हा सराफाचा नियम, मोहोराला लागू नाही.

भाऊजींनी बघितलं. “मोहोरावरचा तुडतुडा किडा पण ओव एखादा, वहिनी. त्याशिवाय खरा वाटायचा नाही.” मी तपकिरी मणी खरंच शोधायला लागले तेव्हा जाऊबाईंनी वाटी उचलून ठेवली.

२५ डिसेंबर

गर्दीचे दिवस. रस्ता गाड्यांनी भरलेला, घरी पाहुणे, मण्यांना हात नाही. रात्री दिवे गेले तेव्हा फोनवर वाचलं: चेकियातल्या पोनिक्ला गावी पितळी साच्यांत काचनळी फुंकून मण्यांच्या माळा करतात, त्यांना चांदीचा मुलामा देऊन रंगवतात, आणि त्या मण्यांपासून नाताळच्या झाडाची शोभा बनते. ह्या हातकामाला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. तिथला मणी फुंकलेला, पोकळ, कागदाइतका हलका. लोंबत्या कानातल्यांना असा मणी मिळाला तर काय बहार, पण आमच्या वाऱ्यात त्या मुलाम्याचं काय होईल ते पुठ्ठ्याने सांगितलंच आहे.

३ जानेवारी

आता मुख्य काम. हलव्याचे दागिने काचेत.

खरा हलवा थंडीतच का होतो, हे करून बघितलेल्याला माहीत असतं. मंद आचेवर परातीत तीळ किंवा साबुदाणा, त्यावर चमचा-चमचा पाक, आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. हवा कोरडी आणि गार असली की पाक दाण्यावर लगेच सुकतो आणि काटा फुटतो. समुद्रकाठी हवेत ओल, काटा फुटता फुटत नाही. फुटलाच तर संध्याकाळपर्यंत दाणे चिकट होतात आणि मुंग्यांना पत्ता लागतो. म्हणून इथे बहुतेकजण हलव्याचे दागिने पुण्या-मुंबईहून आणवतात, आणि नवी सून फोटो काढून होईस्तोवर गळ्याला चिकटलेला हार सोडवत असते.

काचेत हलवा करायचा तर काटा यायला हवा. नुसते गोल पांढरे मणी ओवले की मोत्यांचा दागिना होतो, हलव्याचा नाही. थेंबमण्यांनी काम झालं. ह्यांचं भोक मधोमध नसतं, एका टोकाला असतं. त्यामुळे ओळीने ओवले की फुगीर टोकं दोऱ्याभोवती चहूकडे वळतात आणि सर काटेरी दिसतो. दर थेंबमण्यानंतर १५ नंबरचा एक मणी घातला की ते फिरायला मोकळे राहतात. सगळे मॅट पांढरे, अधूनमधून केशरी.

तन्मणीला तीन काटेरी सर आणि खाली खोड: तंगसावर केलेला मण्यांचा पोकळ गोळा, आत कापूस भरून. चिंचपेटीला मात्र पेट्या सपाट हव्यात, तिथे काटा नको. त्यात गोल काचमोती आणि कडेला केशरी ओळ.

आत्या दुपारी आल्या होत्या. चष्मा वर करून त्यांनी सर पारखला.

“दिसतो हलवाच. पण अगो, हलव्याचे दागिने संध्याकाळी मोडून वाटायचे असतात. हे काय कडाकडा चावायचं?”

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्या म्हणाल्या ते खरंही आहे. दागिना मोडून तोंड गोड करणं हा त्या दिवसाचा अर्धा आनंद. तेव्हा वाटणी अशी केली: गळ्यातलं आणि कानातलं काचेचं, हातातल्या बांगड्या आणि गजरा खऱ्या हलव्याचा. तो पुण्याहून भाची आणेल.

शेजारच्या बाळाच्या बोरन्हाणासाठीही मण्यांचा मुकुट आणि कमरपट्टा मागितला गेला. ‘नाही’ म्हटलं. बारीक काचमणी आणि बाळाचं तोंड ह्यांच्यात एका तुटलेल्या दोऱ्याचं अंतर. बाळाला चुरमुऱ्यांची माळ घाला, गोड दिसते. बाळाच्या आईला तन्मणी करून देईन म्हणाले.

९ जानेवारी

चिंचपेटी मागून कशी बांधायची हे पटवेकऱ्याचं काम, त्यात आपण हात घालू नये. दापोलीच्या बाजारात एक काका बसतात. त्यांनी पेट्या उलटसुलट करून बघितल्या, विणीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, फक्त विचारलं, “काच सगळी?” मग काळा रेशीम पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणला, दोन्ही हातांनी पीळ दिला आणि बघता बघता गोफ तयार. पेटीच्या कडेच्या दोऱ्यातून तो ओवताना त्यांनी गाठ कुठे मारली ते मला समोर बसून कळलं नाही. वर रेशीम गुंडाळून त्यांनी ती पार आत घेतली. शेवटी जरीचा एक वेढा आणि दोन गोंडे.

“बाई, एवढं वजन पुढे आणि मागे पातळ गोफ, मग पेटी खाली येणार. जाड करतो.” केला. मजुरी त्यांनी सांगितली ती मी दिली. घासाघीस करायचं मनातही आलं नाही.

१४ जानेवारी

सुनेने सगळं घातलं. काळ्या साडीवर मॅट पांढरा इतका उठून दिसला की जाऊबाईंनी सोन्याचं मंगळसूत्र आत ढकलायला लावलं. काटेरी सर कुठेच टोचत नाहीत. तन्मणीचं खोड हलकं निघालं, ते बरं. पण चालताना उलटं फिरतं, त्याला मागून एक जड मणी लावायला हवा. चिंचपेटी जागची हलली नाही. दुपारी उकडायला लागल्यावर मानेला घाम आला, दागिना ओल्या फडक्याने पुसला आणि पंख्याखाली वाळवला. पुण्याचा हलवा तोवर पाझरायला लागला होता. मुलांनी गजरा आधी संपवला, मग बांगड्या.

मोहोराची कानातली आत्यांनी मागून घेतली. कैरी कुठल्या कानात घालायची म्हणून विचारत होत्या.

२१ जानेवारी

एका ओळखीच्यांनी त्यांच्या होमस्टेत विकायला चांदण्या मागितल्या आहेत. भाव कसा लावायचा हा जुना घोळ. मण्यांची किंमत फारशी नसते, वेळेची असते आणि वेळेची कुणाला सांगता येत नाही. चांदणीची करेन, ती हाताला पाठ झाली आहे. मोहोर विकायला करणार नाही, कितीही दिले तरी. त्यात इतका वेळ जातो की गिऱ्हाइकाला आकडा ऐकून राग येईल.

कुरवाच्या ब्रूचला मागून पिन शिवली. कापड काळं घेतलं, पांढऱ्या कडेतून जरासं दिसतं. ते राहू दे, पाखराला सावली मिळाली. भाचीचं म्हणणं, आता एक तपकिरी डोक्याचाही हवा. परतीच्या आधी, मार्चच्या सुमारास, त्यांची डोकी रंगायला लागतात. सगळ्यांची एकदम नाही, थव्यात निम्मे पांढरे आणि निम्मे अर्धवट रंगलेले दिसतात. त्यासाठी मॅट तपकिरी डेलिका दोन छटांचे लागतील, एक चेहऱ्याला आणि एक गडद मानेच्या कडेला. ऑर्डर आजच टाकते, पार्सल इकडे यायला वेळ लागतो आणि चौकटीचा कागदही संपलाय.